मोरचुदाची यार्देन

फर्डिनंडच्या मिशीला भुईगावात मान होता. मिशीमागच्या माणसाला होता की नाही, तो वेगळा प्रश्न. दोन्ही टोकं वर वळलेली, रोज सकाळी खोबरेल लावून पिळलेली, आणि मधोमध इतकी दाट की त्याचा वरचा ओठ लग्नापासून कोणी पाहिला नव्हता. त्यात त्याची बायको फिलोमिनाही आली. पानवेलीच्या मळ्यात फवारणी करताना तो फडकं आधी मिशीवर बांधायचा आणि उरलं तर नाकावर.

अशी मिशी असलेल्या माणसाने ती पैजेवर लावू नये. पण शहाणपण काही मिशीतून झिरपत डोक्यात चढत नाही.

पैज लागली ती शेजारच्या सॅन्टनशी. सॅन्टन मुंबईला एका कचेरीत कारकून होता. नाताळात घरापुढे येशूजन्माचा गोठा उभारावा तर त्यानेच. चर्चच्या स्पर्धेत दरवर्षी त्याचाच गोठा पहिला यायचा आणि फर्डिनंडच्या गोठ्याला दरवर्षी "प्रयत्न चांगला" असं म्हणून पाठीवर थाप मिळायची. आणीबाणी उठली त्या वर्षी, नाताळ जवळ आलेला असताना, दोघे ताडीचं मडकं मध्ये ठेवून बसले होते. सॅन्टन सहज बोलल्यासारखं बोलला, "फर्डू, गेल्या वर्षी तुजा गाढव बगून माजा गाढव हसला रे."

"या वर्षी तुजा गाढव रडंल."

"आनि नाय रडला तर?"

"तर मिशी काडीन! न्यू इयरच्या मिस्साला सफाचट येईन, बोल!"

हे फर्डिनंड बोलला की ताडी बोलली, यावर पुढे बरीच चर्चा झाली, पण सॅन्टनने तिथल्या तिथे हात पुढे केला. त्यालाही मिशी होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. तीही पैजेवर लागली. तिचं कोणाला काय होतं म्हणा!

घरी फिलोमिनाने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अवो, मळा लावायचा होता पैजेवर," ती म्हणाली, "तो परत तरी घेता आला असता."

फर्डिनंडला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठला तो नदी डोक्यात घेऊनच. सॅन्टनच्या गोठ्यात दरवर्षी आरशाचं तळं असायचं. आपल्या गोठ्यापुढून बायबलातली खरीखुरी यार्देन नदी वाहणार, निळी, आरपार दिसणारी आणि खालून दिव्याचा उजेड मारलेली! त्याने कपड्यांची नीळ कालवून पाहिली. नीळ तळाला बसली आणि वर उरलं ते धोबीघाटावरचं पाणी. अशा पाण्यात मेंढपाळ पाय धुणार नाहीत, मेंढ्या तर लांबच. तेव्हा त्याला मळ्यातल्या खोपीतला डबा आठवला.

डब्यात मोरचूद होता. पावसाळ्यात पानवेलींवर बुरशी चढू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून फवारायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यातले उरलेले खडे, खडीसाखरेएवढे, निळेशार. देखण्या वस्तू मुळात दुष्ट असतात, असं म्हणणारी माणसं आहेत. त्यांनी मोरचूद नक्की पाहिला असणार. फर्डिनंडने एक खडा पाण्यात टाकला. खडा विरघळत गेला आणि पाण्यात आभाळ उतरलं. तो तिथेच मिशी पिळत खाली बसला.

"अवो, विखार हाय तो!" फिलोमिना ओरडली. "हाताला लागला तर चरचरतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो, पोटात गेला तर आतडी उलटी होऊन भाईर येतील!"

"मी लोकांना नदी प्यायला सांगतो काय? बगायला सांगतो."

"आनि फादर जेम्सनी काय सांगितला?"

फादरांनी काय सांगितलं होतं, हे फर्डिनंडला चांगलं ठाऊक होतं. गेल्या वर्षी एका गोठ्यात रॉकेलचा दिवा कलंडून तीन राजांपैकी एक जळून गेला होता आणि दुसऱ्याची दाढी. तेव्हापासून फादरांनी नियम केला होता की कोणाच्या जिवाला अपाय होईल अशी वस्तू गोठ्यात सापडली की गोठा बाद. ऐकून घेणार नाही, रडलात तरी नाही.

"कोन इचारेल तर नीळ हाय, म्हनून सांगायचा," फर्डिनंड म्हणाला, आणि विषय संपला. निदान त्याच्यापुरता संपला.

तसं गावात मोरचूद ओळखणारे कमी नव्हते. पण मोरचूद असतो मळ्यात, पिंपात, चुन्याच्या शेजारी. येशूबाळाच्या पायाशी तो पसरलेला असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?

एक अडचण मात्र खरी होती. मोरचूद लोखंड खातो. म्हणून मळ्यात तो मडक्यात किंवा लाकडी पिंपात कालवतात. फर्डिनंडला नदी लांब हवी होती, वळणं घेणारी हवी होती, तेवढं मडकं कुंभार कुठून देणार? त्याने जस्ती पत्रा वाकवून पन्हळ केली आणि आतून डांबर फासलं. मोरचुदाच्या बापालाही पत्रा दिसणार नाही, असं त्याने फिलोमिनाला ऐकवलं. मग दोन्ही काठांना नाचणीचं कोवळं गवत लावलं, पत्र्याची बदकं सोडली, आणि एक मेंढपाळ थेट पाण्यात उभा केला. मेंढपाळ मातीचा होता आणि त्याच्या पायात खिळा होता. खिळा नीट बसावा म्हणून फर्डिनंडने तो दाबला, अंमळ जोरातच दाबला. डांबराला कुठे चरा गेला का, हे काही त्याने पाहिलं नाही.

नाताळच्या दिवशी सगळं गाव फर्डिनंडच्या अंगणात लोटलं. खालचा दिवा लागला आणि यार्देन चमकली, तसे लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. सॅन्टन उकिडवा बसला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पान्यात काय टाकलास रे?"

"नीळ."

"नीळ अशी दिसत नाय."

"भक्तीनं घातली का दिसते," फर्डिनंड म्हणाला आणि मिशीला पीळ दिला. सॅन्टनचं बोट नकळत स्वतःच्या मिशीवरून फिरलं. एवढीशी होती, पण आता तिचीही काळजी वाटायला लागली असावी.

दुसऱ्या दिवसापासून मोरचुदाने रंग दाखवायला सुरुवात केली. फिलोमिनाच्या भाच्यांनी कौतुकाने ओहोळातले दोन मासे आणून नदीत सोडले होते. ते बघता बघता पोटं वर करून तरंगू लागले. फर्डिनंडने ते लपवले आणि कच्च्या पपईचे मासे कोरून सोडले. मग नाचणीच्या गवताची मुळं त्या पाण्याला लागली आणि गवत पिवळं पडलं. "बेथलेहेम वाळवंटात हाय," फर्डिनंडने पाहायला आलेल्यांना सांगितलं, "तितं गवत असाच असते." पत्र्याची बदकं सोडली होती पांढरी. त्यांचा रंग कडेने उडाला होता, तिथे ती तांबडी झाली. "इंग्लिश बदकं," फर्डिनंड म्हणाला. त्याच्या मिशीला घाम फुटला होता, पण लोक मान डोलवत होते. माणसाला एकदा आवडायचं ठरवलं की त्याला काहीही आवडतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फादर जेम्स परीक्षण करायला आले. पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून ते नदीकाठी वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"फर्डिनंड, यार्देन नदी बेथलेहेमहून बरीच लांब आहे बरं का."

"फादर, पूर आला होता."

फादर हसले. हसले म्हणजे जिंकलोच, हे फर्डिनंडने ओळखलं. तेवढ्यात गर्दीतून काठीचा ठकठक आवाज आला आणि लूर्डस मावशी पुढे झाली.

लूर्डस मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसं तिला खुणांवरून कळायची. सॅन्टन म्हणजे चष्म्याची चमक, फिलोमिना म्हणजे बांगड्या, आणि फर्डिनंड म्हणजे मिशी. तिने कमरेची किल्ली काढून फादरांच्या नाकापुढे धरली.

"फादर, चमत्कार! काल माजी किल्ली या पान्यात पडली. लोखंडाची किल्ली! काडली नि पुसली, तर बगा, सोना!"

किल्ली खरंच तांबूस झळकत होती. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"निला रंग कोनाचा? मारियामातेचा," मावशी सांगत होती. "मी मग टॉनिकची बाटली भरूनच नेली. घरच्या आल्तारावर, देवापुढं ठेवलीय. आज तेर्स झाला का मी एक चमचा घेनार, माज्या गुडघ्याला. वाडीतल्या बायांना पन चमचा चमचा देनार. कोनाला संदिवात, कोनाला मुतखडा, कोनाला सासू."

तेर्स म्हणजे संध्याकाळची जपमाळ. संध्याकाळ तर झालीच होती.

फादरांनी किल्ली निरखली, "चमत्काराचं नंतर बघू, चौकशीशिवाय तोंड उघडायचं नाही," असं मावशीला सांगितलं, आणि मग मोठ्याने म्हणाले, "पण गोठा मात्र यंदा फर्डिनंडचाच पहिला!" टाळ्या पडल्या. पवित्र कुटुंबाची चौकटीतली तसबीर फर्डिनंडच्या हातात आली. सॅन्टनचा हात ओठावर गेला तो तिथेच राहिला. इतकी वर्षं फर्डिनंड ज्या क्षणाची वाट बघत होता तो हाच, आणि त्याला दिसत होती फक्त टॉनिकची एक बाटली आणि एक चमचा.

लोक पांगल्यावर फिलोमिनाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"जातो, जातो," तो म्हणाला.

"जा, नि खरा काय ते सांगा."

खरं सांगायला तो निघालाच नव्हता. वाटेत त्याचा जीव मिशीत आणि मिशीचा जीव बाटलीत अडकला होता. खरं सांगितलं की गोठा बाद, गोठा बाद की सॅन्टन पहिला, आणि सॅन्टन पहिला की वस्तरा. त्यापेक्षा आपल्याकडच्या तसल्याच बाटलीत नीळ कालवून न्यावी आणि अदलाबदल करावी. मावशी नीळ पिईल, थोडी निळी होईल, मरणार तर नाही! त्याने बाटली सदऱ्यात लपवली. बूच सैल होतं. मावशीच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या सदऱ्यावर पोटाएवढा निळा डाग पडला होता.

आत तेर्स सुरू झाला होता. वाडीतल्या बायका दाराकडे पाठ करून गुडघे टेकून बसल्या होत्या आणि बाटली समोर आल्तारावर, मेणबत्तीच्या उजेडात लखलखत होती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच. फर्डिनंड सगळ्यांत मागे गुडघ्यांवर बसला. त्याला तेर्साला पाहून पुढची बाई जप विसरली, कारण फर्डिनंड तेर्साला येतो ही बातमी चमत्कारापेक्षा मोठी होती.

"नमो मारिया, कृपापूर्ण..."

फर्डिनंड गुडघ्यावर वीतभर पुढे सरकला. पुढच्या नमो मारियाला आणखी वीतभर. बायकांना वाटलं, भक्ती उसळली. त्यांनी वाट करून दिली. सॅन्टनची बायको कॅथरिन तर डोळे पुसायला लागली. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या तेव्हा तो आल्तारापाशी पोचला होता. त्याने सदऱ्यातली बाटली काढली, आल्तारावरची उचलली, आणि त्याच क्षणी एका सुरकुतलेल्या मुठीने त्याची मिशी धरली.

"चोर!" मावशी ओरडली. मग तिने मुठीतला ऐवज चाचपला. "फर्डू? मेल्या, चर्चची तसबीर मिळाली, नि आता माजी बाटली पायजे?"

"मावशी, सोड! मिशी सोड!"

"तुज्या गोठ्यातला चमत्कार तुला एकट्याला ठेवायचाय! बाया, बगा याची नियत!" तिने मिशी सोडली आणि बाटली हिसकावली, नेमकी मोरचुदाचीच. चमचा भरला. "आता आदी मीच घेते, तुज्या डोल्यादेखत घेते!"

चमचा वर निघाला. फर्डिनंडने कॅथरिनकडे पाहिलं. ती टक लावून बघत होती आणि घरी जाऊन सॅन्टनला शब्द न् शब्द सांगणार होती. त्याने चमच्याकडे पाहिलं. चमचा मावशीच्या ओठाला लागला. ही मावशी त्याची सख्खी कोणी नव्हती. लहानपणी पेरू चोरताना तिने त्याला झाडावरून काठीने खाली काढलं होतं, आणि मग रडायला लागला म्हणून पेरूही दिला होता.

"मोरचूद हाय तो!" फर्डिनंड एवढ्या जोरात ओरडला की मेणबत्ती विझता विझता राहिली. "मावशी, नको पिऊ! नीळ नाय ती, मोरचूद हाय! खोटा बोललो मी!"

मावशीने चमचा खाली केला नाही.

"खोटा आता बोलतोस. किल्लीचा सोना झाला तो?"

"मावशी, आठव जरा. काका पिंपात मोरचूद नि चुना कालवायचा, तेव्हा शेवटी काय करायचा?"

मावशीचा हात थांबला. तिच्या नवऱ्याचाही पानमळा होता. फवारणीआधी तो पिंपात कोयता बुडवायचा, वर काढून उन्हात धरायचा. पातं लाल दिसलं की मोरचूद अजून कडक, वेली जाळेल, आणखी चुना घाल. पातं स्वच्छ निघालं की फवारा. तिने ते किती पावसाळे ओट्यावरून पाहिलं होतं. तिने कमरेची किल्ली काढली, नाकाला लावून पाहिली आणि अंगठ्याने चोळली. ताजा तांबडा मुलामा निघाला आणि खालून तेच जुनं लोखंड डोकावलं.

"कोयता लाल, चुना घाल," मावशी हळूच म्हणाली. ते तिच्या नवऱ्याचं बोलणं होतं. तिने चमच्यातलं पाणी बाटलीत ओतलं, बूच घट्ट लावलं, पदराने ओठ खरवडून पुसले, चूळ भरली आणि मग शांतपणे झाडू उचलला.

तो झाडू फर्डिनंडने मनापासून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने तसबीर फादरांकडे परत नेली. फादरांनी त्याला अर्धा तास उभं करून सुनावलं, तेही मराठीत न मावल्यामुळे मधूनमधून लॅटिनमध्ये. तसबीर सॅन्टनकडे गेली. मग सॅन्टन नवी कोरी पांढरी पॅन्ट घालून, सोबत न्हाव्याला घेऊन, विजयी मुद्रेने फर्डिनंडच्या अंगणात आला आणि मोरचुदाची ती यार्देन पाहायला नदीवर ओणवा झाला. मेंढपाळाच्या खिळ्याखाली डांबराला पडलेल्या चऱ्यातून मोरचूद इतके दिवस पत्रा खात होता. सॅन्टनने कोपर टेकवलं आणि पन्हळीचा तळ गेला. यार्देन सॅन्टनच्या पॅन्टवरून वाहत खाली उतरली. फिलोमिनाने आधी धावत जाऊन त्याच्या पायांवर घागरी ओतल्या, मग सांडलेल्यावर चुना टाकला, आणि मग पडवीत जाऊन पोट धरून हसली.

मिशी मात्र गेली. न्हाव्याने वस्तरा दोनदा पाजळला. सॅन्टन निळ्या पॅन्टमध्ये आरसा धरून उभा होता. काम संपल्यावर फिलोमिनाने नवऱ्याचा वरचा ओठ पहिल्यांदाच पाहिला. तिने तो दोन्ही बाजूंनी न्याहाळला.

"देवाचे उपकार," ती म्हणाली, "लग्नात मिशी होती."

न्यू इयरच्या मिस्साला फर्डिनंड चर्चमध्ये उशिराच गेला, म्हणजे लोक पुढे बघत असतील. शेवटच्या बाकाच्या टोकाला चोरासारखा बसला. शेजारी काठी दिसली, मग छत्री, मग लूर्डस मावशी. झाडूनंतर तिने त्याचं नाव टाकलं होतं. दारावरून गेला तर ती खिडकी लावून घ्यायची. पण मावशीने मान कलती करून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही ओळख पटली नाही.

"पावना काय रे? कोनाकडं आलास?"

फर्डिनंडने नुसतं "हं" केलं.

"बरा हायस. मिशीबिशी नाय. आमच्या गावात एक गाढव हाय, फर्डू नावाचा. मिशी एवडी, नि अक्कल..." तिने अक्कल दाखवायला बोटं एकमेकांना लावली. फर्डिनंडने मान खाली घातली. मावशी जवळ सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "पन तुला सांगते बाबा, तू परका म्हनून सांगते. मी विखाराचा चमचा तोंडाला लावला होता. त्याचा सगळा जीव त्या मिशीत. गप बसला असता तर मिशी राहिली असती नि मी गेली असती, कोनाला कललाबी नसता. माजा पोरगा मुंबईला हाय, सहा-सहा महिने चिट्टी नाय. नि हा मेला माज्यासाटी मिशी देऊन मोकला झाला." तिने आवाज आणखी उतरवला. "त्याला नको सांगू हां. शेफारल."

फर्डिनंडचा हात सवयीने मिशीकडे गेला. तिथे काही नव्हतं. हात मग तसाच वर डोळ्यांकडे गेला.

"रडतोस काय रे पावन्या?"

"नाय मावशी, डोल्यात कायतरी गेला," फर्डिनंड बोलून गेला.

तो आवाज मावशीच्या ओळखीचा होता. तिने हात पुढे केला, त्याचा वरचा ओठ बोटांनी चाचपला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग छत्रीची मूठ त्याच्या बरगडीत सणसणीत मारली, आणि त्याला नीट बसता यावं म्हणून बाकावर थोडी सरकली.